मत कोणाला: योग्याला की जिंकणाऱ्याला?

मतपत्रिकेवरील नावे आपण वाचतो. ती कोणी ठरविली हे क्वचितच विचारतो. अमेरिकेत १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्राथमिक निवडणूक न लढविता डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळविली. त्यावरून असंतोष माजला, पक्षाने नियम बदलले, आणि १९७२ पासून उमेदवार निवडण्याचे काम मुख्यत्वे सामान्य मतदारांकडे आले.

हक्काबरोबर कोडेही आले. एकाच पक्षाचे अनेक उमेदवार उभे असता मत सर्वांत योग्य वाटेल त्याला द्यावे, की जो पुढे विरोधी पक्षाला हरवू शकेल त्याला?

दुसरा विचार हलका लेखू नये. आपल्या मताचे परिणाम इतरांनाही भोगावे लागतात. शिवाय या पक्षात १५ टक्क्यांहून कमी मते मिळविणाऱ्याला सहसा प्रतिनिधी मिळत नाहीत. हे जाणून जो दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला मत देतो, त्याने सदसद्विवेकबुद्धी विकली असे म्हणता येणार नाही.

परंतु दूरदृष्टी निराळी आणि भीती निराळी. ‘मला ही व्यक्ती योग्य वाटते, पण शेजारी तिला स्वीकारणार नाहीत,’ असे प्रत्येकजण म्हणू लागला, तर कोणाच्याच मनात नसलेला पूर्वग्रह विजयी होईल. २००७ साली अनेक कृष्णवर्णीय मतदारांना गौरवर्णीय लोक बराक ओबामांना मते देतील का, ही शंका होती. ३ जानेवारी २००८ रोजी बहुसंख्य गौरवर्णीय असलेल्या आयोवा राज्याच्या पक्षसभांत ओबामा जिंकले. २६ जानेवारीस साउथ कॅरोलायनातील कृष्णवर्णीयांनी त्यांना भरघोस मते दिली. उमेदवार तोच होता. बदलला तो शेजाऱ्याविषयीचा अंदाज. असे अंदाज किती ठिसूळ! २०२० साली जो बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आले. त्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम, इतरांचा विचार न करता, योग्य कोण हे मनाशी ठरवावे. मग निर्णय बदलावासा वाटला तर स्वतःस विचारावे: मी ठाऊक असलेल्या नियमामुळे बदलतो आहे, की न पारखलेल्या शेजाऱ्यावर क्षुद्रता लादून? पहिले कारण असेल तर खुशाल बदलावा. दुसरे असेल तर पहिल्या निर्णयावर ठाम राहावे. कारण शेजारीही कदाचित आपल्याविषयी तीच शंका बाळगून थांबला असेल.