कौशल्य हाताचे की मनाचे?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कर्मातील कौशल्यालाच योग म्हटले आहे. मात्र हे कौशल्य हाताचे की मनाचे, यावर भाष्यकारांचे एकमत नाही. शंकराचार्यांच्या मते स्वभावतःच बांधून टाकणारे कर्म समत्वबुद्धीमुळे, म्हणजे यशापयशात सारख्याच राहणाऱ्या बुद्धीमुळे, बांधेनासे होते आणि तेच कौशल्य. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्म करण्याची युक्ती हा अर्थ पुढे आणून भर आचरणाकडे वळवला. रोह्यात १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले आणखी पुढे गेले: त्यांच्या स्वाध्याय परिवाराच्या योगेश्वर कृषीत गावकरी आळीपाळीने राबतात, आणि पीक ईश्वराचे मानले जाते.

या वादाचा पडताळा एखाद्या क्षुल्लक कामात अधिक चांगला येतो. जुन्या बुलेटला फेअरिंग, म्हणजे वारा कापण्यासाठी पुढे बसवायचे फायबरचे कवच, चढवणे हे असेच काम आहे. चेसिस वर्षानुवर्षे खड्डे खाऊन किंचित पिळलेली असते, साच्यातून निघालेले कवचही दोन्ही अंगांनी तंतोतंत सारखे नसते. त्यामुळे टाकीवरून माप धरावे तर हॅन्डल चुकते आणि हॅन्डलवरून धरावे तर टाकी वाकडी दिसते. जाणता मिस्त्री मधली रेषा कोनसेटपासून, म्हणजे हॅन्डल ज्यावर फिरते त्या बेअरिंगपासून, धरतो. ब्रॅकेटचे सारे बोल्ट रबरी वायसर घालून आधी हातानेच अर्धवट पिळतो, हॅन्डल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आणि पुढचे शॉकअप दाबून कुठे घासत नाही ना हे पाहतो, आणि मगच पाना लावतो. पहिलाच बोल्ट घाईने आवळला की उरलेली भोके जुळत नाहीत, आणि ती ओढून जुळवली तर पुढे इंजिनाच्या थरथरीने भोकाभोवती तडा जातो. फळाची उतावीळ इथे मनातच राहत नाही, ती फायबरवर उमटते. म्हणून आचार्यांचे समत्व आणि टिळकांची युक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे निदान या कामापुरते तरी म्हणता येत नाही.

मात्र हा नेमकेपणा केवळ टिकाऊपणासाठीच असतो असे नाही, हे पेणच्या मूर्तिशाळांत दिसते. शाडूच्या गणपतीचा एक डोळा आखून झाल्यावर दुसरा त्याच्याशी जुळवताना कारागीर श्वास रोखतो, आणि तीच मूर्ती कुणाकडे दीड दिवसात, तर कुणाकडे दहा दिवसांत पाण्यात जाते.

तरीही एक अडचण उरते. शांत चित्ताने, सफाईदार हाताने कुलूप उघडणारा चोरही या कसोटीला उतरेल. आठवल्यांचा अर्पणभाव, म्हणजे काम कुणासाठी हा प्रश्न, त्यासाठीच लागतो. फेअरिंगला तो अधिकच अडचणीचा ठरतो. ती मुळात शर्यतीच्या गाड्यांची, आणि पुढचे चाकही झाकून टाकणारे तिचे रूप आंतरराष्ट्रीय शर्यतींत १९५८च्या हंगामापासून बंद झाले. पेण–रोहा रस्त्यावर जुन्या बुलेटला वारा कापण्याएवढा वेग क्वचितच मिळतो, तेव्हा तिथे ती बहुधा मिरवण्यासाठीच असते, आणि मिरवणे अर्पण करता येते काय, यावर तिन्ही मतांपैकी एकाचेही सरळ उत्तर हाती लागत नाही.