भीतीची मालकी

मराठीत भीतीची आणि दातांची सोयरीक जुनी आहे. माणूस अतिशय घाबरला की त्याची दातखिळी बसते. ज्याला तोंड उघडून दाखवायचे त्याच्याच दारात नेमके तोंड मिटते, हा दंतवैद्यांचा रोजचा अनुभव. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. येथे तो पांढरा कोट घालून, हातात गुरगुरणारे यंत्र घेऊन उभा असतो. वाचकांना ही थट्टा वाटेल. पण आपल्या भागात मिश्री, तंबाखू आणि गुटखा यांनी पोखरलेली तोंडे किती आहेत, हे मी सांगायला नको. दाखवायला भ्यायल्यामुळे साधी दाढ जाते, आणि कधी तोंडातला व्रण वेळेवर दिसायचा राहून जातो. तेव्हा ही भीती कशी घालवावी, हा प्रश्न क्षुल्लक नाही. ती कोणी आणि कोणत्या अधिकाराने घालवावी, हा तर त्याहूनही अवघड.

हा प्रश्न माझ्यापुढे सुरतेत उभा राहिला. नंदुरबार-नवापूरकडची माणसे दुखणे घेऊन सुरतेला जातात. ताप्ती खोऱ्याची रेल्वे सोयीची, आणि उधना-लिंबायतकडे प्रत्येकाचे कोणी ना कोणी कापडाच्या धंद्यात कामाला आहेच. माझ्या वहिनी तिकडे मुलाकडे राहायला गेल्या असता दाढेने बेजार झाल्या. दोन दवाखान्यांच्या पायरीवरून त्या परत फिरल्या होत्या. "भाऊ, माले भ्याव वाटस," एवढेच त्यांचे म्हणणे.

तिसरा डॉक्टर गुजराती, वयाने तरुण. पहिल्या दिवशी त्याने तोंड उघडायलाच सांगितले नाही. आपल्या मोडक्या मराठीत तो म्हणाला, "मासी, मी तुम्हाला संमोहन देणार. म्हणजे झोपवणार नाही. तुम्ही जाग्याच असाल. मी बोलेन, तुम्ही ऐकायचे. नको वाटले तर डावा हात वर करा, मी थांबेन." मग त्याने विचारले, तुम्हाला कुठे बसले की बरे वाटते? वहिनींनी माहेरची विहीर सांगितली. दुसऱ्या खेपेला डोळे मिटवून, श्वास संथ करवून त्याने त्यांना शब्दांनी त्या विहिरीवर नेऊन बसवले. बधिर करण्याचे इंजेक्शन नेहमीप्रमाणे दिलेच. मध्ये एकदा हात वर झाला. डॉक्टर थांबला. थोड्या वेळाने हात आपणहून खाली आला आणि दाढ निघाली.

ही हकीगत मी शाळेत सांगितली तेव्हा एक सहकारी म्हणाले, "सर, ही शुद्ध भुरळ झाली. आज दाढ काढली, उद्या याच युक्तीने कोऱ्या कागदावर अंगठा घेतील." आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दुसऱ्याच्या मनावर शब्दांनी ताबा मिळवता येत असेल, तर चांगल्या कामासाठी तरी तो मिळवावा काय?

या विद्येच्या इतिहासात दोन वाटा दिसतात, आणि दोन्ही आपल्याच देशातून जातात. पहिली बंगालची. जेम्स एसडेल या स्कॉटिश शल्यवैद्याने ४ एप्रिल १८४५ रोजी हुगळी येथे या विद्येचा प्रयोग करून पहिली शस्त्रक्रिया केली. पुढे त्याच्या अनेक रोग्यांवर वेदनेविना मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आणि कलकत्त्यात त्यासाठी खास रुग्णालयही निघाले. मात्र १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे विल्यम मॉर्टन याने ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले आणि हातवाऱ्यांची ही विद्या मागे पडली. मॉर्टन हा दंतवैद्यच होता. एसडेलने रोग्यांच्या वेदना वाचवल्या, हे खरेच. पण त्याचा पहिला रोगी तुरुंगातला कैदी होता. ज्याला नाही म्हणण्याची सोयच नाही, त्याच्या होकाराची किंमत काय करायची?

दुसरी वाट गोव्याची. कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले आबे फारिया पॅरिसला गेले आणि १८१३ पासून तेथे या विषयावर जाहीर प्रयोग व व्याख्याने देऊ लागले. त्यांच्याआधी मेस्मर याने प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकीय द्रव वाहतो, असा सिद्धान्त मांडला होता. फारियांनी तो नाकारला. माझ्यातून काहीही वाहत नाही. जे घडते ते समोरच्याच्या मनात आणि त्याच्याच शक्तीने घडते, असे त्यांचे प्रतिपादन. १८१९ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच साली ते वारले. त्यांच्या तरुणपणची एक आख्यायिका सांगतात. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभे राहताच त्यांची वाचा बसली. तेव्हा वडील कोकणीत पुटपुटले की समोर सगळी भाजी आहे, काप भाजी! आणि जीभ मोकळी झाली. खरीखोटी देव जाणे. पण वडिलांनी मुलाला वश केले असे कोणी म्हणणार नाही. त्याचे बळ त्याला परत दिले, असेच म्हणेल.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी फारियांचा पुतळा आहे. १९४५ साली बसवलेला, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचा. मागे कललेल्या स्त्रीवर दोन्ही हात पसरून फारिया उभे आहेत. शिल्प जोरदार आहे, पण पाहणाऱ्याला वाटते की सगळी शक्ती त्या हातांत आहे. फारिया जन्मभर नेमके उलट सांगत होते. लोकांना मात्र शक्तीला मालक हवा असतो.

आजचे शास्त्रही फारियांच्याच बाजूला झुकते. १९९७ साली माँट्रियल येथे केलेल्या प्रयोगात, संमोहनातील सूचनांनी वेदनेची तीव्रता तीच राहूनही तिचा जाच कमी-अधिक होतो, असे मेंदूच्या चित्रांवरून दिसले. सगळ्यांना ते सारखे साधत नाही, हेही ठाऊक आहे. मुलांच्या दंतोपचारात संमोहनाचा उपयोग किती, हे तपासणाऱ्या २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात निकषांत बसणाऱ्या अवघ्या तीन चाचण्या मिळाल्या आणि त्यांत मुले होती ६९. म्हणजे चमत्काराचा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. आपल्याकडे अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे श्याम मानव स्वसंमोहनाची शिबिरे घेतात, यातही बोध आहे. विद्या उघड करून ज्याची त्याच्या हाती दिली, की तिच्यातली भुरळ संपते.

मग मर्यादा कोठे आखावी? माझ्या मते तीन गोष्टी पाहाव्यात. काय करणार हे आधी सांगितले काय? सांगितले ते खरे होते काय? आणि थांबवण्याची दोरी कोणाच्या हाती होती? विहीर खोटी होती, पण ती खोटी आहे हे दोघांनाही ठाऊक होते. कीर्तनात आपण बुवांबरोबर लंकेला जातो तसेच ते. उलट, "काही दुखत नाही हं" असे म्हणून चिमटा पुढे करणारा संमोहन वापरत नाही, पण फसवतो तोच. आणि अंगठा घेणाऱ्याला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. सहकाऱ्यांच्या आक्षेपाला माझे उत्तर एवढेच.

शिक्षकाच्या धंद्यात असल्यामुळे आणखी एक गोष्ट दिसते. दाताची भीती कोणी जन्मतः घेऊन येत नाही. "रडलास तर डॉक्टर सुई टोचेल" हे वाक्य घराघरात आहे. त्याच्या जोडीला "हेडमास्तरांकडे नेईन" हेही आहे. पुन्हा पुन्हा, वडीलधाऱ्या आवाजात, बेसावध मुलाला सांगितलेली ही सूचनाच असते. तिला कोणी संमोहन म्हणत नाही, कोणी संमतीही विचारत नाही. घालतानाचा शब्द कोणाच्या नजरेत येत नाही. काढतानाच्या शब्दाचीच तेवढी चौकशी होते.

भीती ज्याची त्याची मालमत्ता आहे. ती दुसऱ्याने हिसकावू नये. ती उतरवून ठेवायला मात्र हात द्यावा. त्या दवाखान्यात मला मोलाचा वाटला तो डॉक्टरचा आवाज नव्हे. हात वर होताच तो थांबला, आणि हात खाली घेण्याचे त्याने वहिनींवरच सोडले, हे मोलाचे.