मंगळवारची सुट्टी

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की एक मागणी हमखास डोकं वर काढते : मतदानाच्या मंगळवारी देशभर सुट्टी द्या. हा मंगळवार १८४५च्या कायद्याने ठरला, तेव्हाच्या शेतकरी समाजाच्या सोयीने. आज तो हातावर पोट असलेल्यांची अडचण करतो, हे खरंच. पण लोक मत देत नाहीत ते केवळ सवड नसते म्हणून, हा त्यातून काढलेला निष्कर्ष मला उथळ वाटतो.

हवाई बेटांकडे बघा. २०२०पासून तिथे नोंदणीकृत मतदाराच्या घरी मतपत्रिका टपालाने येते. रांग नाही, रजा नाही. घरच्या टेबलावर खूण करायची, पाकिटावर सही ठोकायची, पेटीत टाकायचं. याहून आणखी सोय ती काय करायची? तरीही २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिथल्या जेमतेम निम्म्या पात्र मतदारांनी मत दिलं. उलट विस्कॉन्सिनमध्ये फोटो ओळखपत्राची कडक अट असून हे प्रमाण तीन चतुर्थांशांवर गेलं. तिथे ऐनवेळी, मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येतं, हे मान्य. पण खरा फरक चुरशीचा आहे : अध्यक्ष ठरवणारी हवाईची चार प्रतिनिधी-मतं (इलेक्टोरल मतं) कुणाला जाणार हे शेंबडं पोरही सांगेल; विस्कॉन्सिनचा निकाल २०१६ आणि २०२० या दोन्ही वेळा पंचवीस हजारांहून कमी मतांनी लागला.

सुट्टीवाले यावर मिनेसोटा पुढे करतात : तिथे एवढी चुरस नसते, तरी मतदान भरघोस होतं. असेल. मतदानाची सवय काही ठिकाणी मुरलेली असते. पण तीही सुट्टीने मुरलेली नाही. सक्तीच्या मतदानाचा ऑस्ट्रेलियन तोडगा अमेरिकेत कुणी पास करील, यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. आणि ‘मतदार-जागृती’ हे तर आयोजकांचंच समाधान.

मत देता येणं वेगळं आणि मताला वजन असणं वेगळं. याच विस्कॉन्सिनमध्ये २०१८ साली विधानसभेसाठी डेमोक्रॅटिक उमेदवारांना राज्यभरात सुमारे ५३ टक्के मतं पडली, जागा मिळाल्या ९९पैकी ३६. काही जागी लढतच नव्हती, त्यामुळे टक्केवारी थोडी फुगलेली असेल. पण एवढी तफावत तेवढ्याने भरून निघत नाही. मतदारसंघांच्या रेषाच तशा आखलेल्या होत्या. अध्यक्ष निवडताना ज्याच्या दारी नेते ताटकळतात, तोच मतदार तेव्हा आमदार निवडताना बिनवजनाचा ठरला. अशा पक्षपाती आखणीत संघराज्याची न्यायालयं पडणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये सांगून टाकलं.

अडथळे काल्पनिक आहेत असं मी म्हणत नाही. १९६५चा मताधिकार कायदा रक्त सांडून आला आणि २०१३मध्ये त्याचा कणा न्यायालयाने मोडला. जॉर्जियात २०२१पासून केंद्राजवळ रांगेतल्या मतदाराला पाण्याची बाटली देणं गुन्हा आहे. हे हटवलंच पाहिजे. पण सुट्टी मागणं स्वस्त आहे, कारण तिच्यामुळे कुणाची सत्ता कमी होत नाही. वजनाची वाटणी करायची म्हटलं की दोन्ही पक्ष हात आखडतात. देशभरात ज्याला जास्त मतं त्यालाच आपली प्रतिनिधी-मतं देण्याच्या राज्याराज्यांतल्या करारात सामील व्हायचं विधेयक २०१९मध्ये नेवाडाच्या विधिमंडळाने मंजूर केलं. नेवाडासारख्या लहान राज्यांचं महत्त्व घटेल म्हणून ते नाकारलं डेमोक्रॅटिक गव्हर्नर स्टीव्ह सिसोलॅक यांनी.