टॅपेटचा गॅप

परभणीत जिंतूर रोडला एका लिंबाच्या झाडाखाली चाचांचं गॅरेज होतं. वर पत्रे, खाली ऑइल पिऊन काळी झालेली माती. चाचांची तरुणपणाची वर्षं विहिरींवरची ऑइल इंजिनं उघडण्यात गेली. पुढे जायकवाडीचा डावा कालवा आला, शेतात वीज आली, पंप विजेवर गेले आणि चाचा मोटारसायकलींकडे वळले. हाताखाली आयटीआय झालेला एक पोरगा होता. हात चलाख, कान त्याहून तिखट. गाडी दिसायच्या आधी तो सांगायचा, "चेन सैल आहे," आणि चेन सैलच निघायची. चाचांना त्याच्या कानाचं कौतुक होतं. थोडी काळजीही होती.

मे महिन्यातला शुक्रवार. चाचा दुपारच्या नमाजला गेलेले. झरीच्या पुढच्या गावाहून रोज दूध आणणारे एक मामा गाडी घेऊन आले. दोन्ही अंगांना रिकामे कॅन, आणि इंजिन असं तापलेलं की जवळ हात नेववेना.

"लई टकटक करायलीय रे. डेअरीवर पोरं हसायलेत. आवाज तेवढा बंद करून दे."

पोरानं ऐकताक्षणी ओळखलं. टॅपेट.

अशा गाडीच्या इंजिनाच्या हेडमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. एक हवा-पेट्रोल आत घेतो, दुसरा जळका धूर बाहेर सोडतो. रॉकर त्यांना वरून दाबून उघडतो. रॉकरवरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यात मुद्दाम बारीकशी फट ठेवलेली असते. मिस्त्री तिला गॅप म्हणतात. मामांच्या गाडीच्या पुस्तकात ती ०.०५ मिलिमीटर लिहिलेली होती, म्हणजे वहीच्या कागदाहूनही पातळ. फट वाढली की स्क्रू टोकावर आपटतो आणि टकटक ऐकू येते. एवढं पोराला आयटीआयमध्ये शिकवलेलं होतं.

गॅप मोजायला फिलर गेज लागतो. पातळ पोलादी पात्यांचा तो जुडगा चाचा तेलकट कागदात गुंडाळून, वर सुतळीची गाठ मारून डब्यात ठेवत. पोरानं डब्याकडे पाहिलं. गाठ सोडायची, इंजिन थंड होईपर्यंत थांबायचं, आणि मामा तर उभेच. त्यानं टॅपेटची झाकणं काढली, नट सैल केला आणि स्क्रू बोटानं टेकेपर्यंत आत घेतला. दुसऱ्याचंही तसंच. किक मारली तर गाडी नव्या गाडीसारखी गप्प. मामांनी कान लावून ऐकलं, खूश झाले आणि मजुरीवर पन्नासाची नोट जास्त ठेवून गेले.

चाचा परत आल्यावर पोरगा म्हणाला, "एक टॅपेट केलं." चाचा म्हणाले, "बरं."

आषाढ लागला, पेरण्या उरकल्या. एका सकाळी मामा छोट्या टेम्पोत गाडी घालून आले. महिनाभरापासून ती सकाळी लवकर सुरू होत नव्हती, चढाला ओढत नव्हती, गरम झाली की सिग्नलला बंद पडत होती. त्या दिवशी तर रस्त्यातच थांबली ती थांबली. दोन कॅन दूध नासलं. मामा रागावले नव्हते, आणि पोराला तेच जास्त लागलं.

चाचांनी हेड उतरवलं. धुराचा व्हॉल्व्ह काढून उजेडात धरला. त्याची गोल कड एका जागी खाल्लेली होती, ज्वारीचं पान अळीनं कुरतडावं तशी.

"बेटा, हा कशानं जळला?"

पोरगा गप्प.

चाचाच सांगू लागले. धुराच्या व्हॉल्व्हवरून पेटता वायू जातो. तो तापणारच, पण तापून जळत नाही, कारण बंद झाला की त्याची कड हेडमधल्या सीटवर घट्ट टेकते आणि त्याची आग हेडमध्ये उतरते. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल तर हा व्हॉल्व्ह दोन हजार वेळा उघडतो आणि दोन हजार वेळा टेकतो. ही आग मोकळी होते ती त्या टेकण्यातच. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, त्या लांबण्याला जागा म्हणून गॅप. शिवाय वापरानं व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा थोडा रुतत जातो आणि तेवढा गॅप कमी होतो. गॅपच नसला तर दांडी वर रॉकरला अडते आणि खाली कड टेकत नाही. राहिलेल्या फटीतून पेटता वायू गॅसकटरसारखा निघतो आणि कड खातो.

"म्हणजे गाडी वाजत होती तोवर व्हॉल्व्ह टेकत तरी होता," मामा हळूच म्हणाले.

मला वाटतं, ही गोष्ट खरी इथून पुढे आहे. चाचांनी डबा उघडला. गेजवरची सुतळी त्यांच्याच हातची होती, गाठ वैशाखातली. त्यांनी ती पाहिली, काही न बोलता डबा पोरापुढे ठेवला. पोराला 'पार्ट खराब निघाला' असं म्हणता आलं असतं. बाजारात रोज कोणीतरी म्हणतं. तो म्हणाला, "चाचा, मी मापलंच नाही. गरम इंजिनावर कानानंच केलं. मामांनी आवाज बंद कर म्हटलं, मी आवाज बंद केला." मग खाली बघत पुढे, "गाडी चढाला ओढत नाही म्हणून मामा पंधरा दिवसांमागं रस्त्यात भेटून सांगत होते. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही."

पगारातून कापून घ्या, असंही तो म्हणाला. चाचांनी व्हॉल्व्हचे पैसे स्वतः घातले, आणि ग्राइंडिंग पेस्ट व व्हॉल्व्ह घासायची काठी त्याच्या हातात दिली. पोरानं दुपारपर्यंत ती काठी दोन्ही तळव्यांत धरून रवी घुसळावी तशी फिरवली, व्हॉल्व्हच्या कडेवर सगळीकडे सारखा राखाडी पट्टा उमटेपर्यंत. मग हेडच्या भोकात पेट्रोल ओतून पाहिलं. थेंबही गळला नाही. दुपारी हेड बसवून झालं.

"आता टॅपेट करू?"

"उद्या पहाटे."

पंक्चर काढायला आलेला एक फौजी बाकावर बसला होता. काश्मीरच्या चौकीत तो बर्फावरच्या स्कूटर सांभाळायचा. तो म्हणाला, "आमच्याकडंबी तसंच. फोर-स्ट्रोक स्कूटर बाहेरून आणली की आधी शेडमध्ये ठेवायची. सगळं इंजिन एकसारख्या तापमानाचं झाल्याबिगर गेज लावायचा नाही." तिथे बर्फातून आत आणायचं, इथे उन्हातून सोडवायचं. तापलेल्या इंजिनात हेडचं अॅल्युमिनियम आणि व्हॉल्व्हचं पोलाद आपापल्या मापानं फुगलेलं असतं, आणि पुस्तकातला आकडा थंड इंजिनाचा असतो. काही कंपन्यांच्या पुस्तकात तर इंजिन ३५ अंशांखाली हवं असं स्पष्ट लिहिलेलं असतं. परभणीच्या मे महिन्यात दिवसभर सावलीत उभी राहिलेली गाडीही त्याच्या वरच असते. म्हणून चाचांचा नियम पहाटेचाच.

दुसऱ्या दिवशी पाचला पोरानं प्लग काढला, मॅग्नेटच्या कव्हरवरची झाकणी काढली, पान्यानं इंजिन हळूहळू फिरवून टी ची खूण रेषेला लावली. दोन्ही रॉकर हलतात का पाहिलं. हलेनात, म्हणून आणखी एक पूर्ण फेरा दिला. आता दोन्ही सैल. सुतळी सोडून गेजचं पातं सरकवलं. अडखळत नाही, पण धरतं, एवढंच हवं होतं. स्क्रू धरून नट कसला, आणि पुन्हा माप घेतलं, कारण नट कसताना स्क्रू फिरतो. फिरलाच होता. परत सैल केला, परत लावला.

मामांनी किक मारली. अगदी बारीक टिकटिक उरली होती. त्यांनी मान तिरकी केली.

"थोडी वाजायलीय अजून."

"वाजू द्या, मामा. कमी झाली तर लगेच या. बिनपैशाचं मापून देतो."

त्या गॅरेजात टॅपेटची गाडी आता रात्रीच ठेवून घेतात. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला तो पोरगा दुसरं गॅरेज दाखवतो.