विश्वासाची दोरी

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आज मार्गशीर्षातला गुरुवार आणि तारीख 19 डिसेंबर. गोव्याच्या मंडळींकडे आज मुक्तिदिन. आमच्याकडे ग्वाल्हेरला आजच्या दिवशी आणखी एक आठवण निघते. 1927 साली याच तारखेला पहाटे गोरखपूरच्या तुरुंगात पंडित रामप्रसाद बिस्मिल यांना फाशी झाली. वय अवघं तीस. जन्म शाहजहाँपूरचा, पण त्यांचे आजोबा आमच्या इकडचे, चंबळकाठच्या तोमरघार भागातले. तेव्हा ते ग्वाल्हेर संस्थान होतं. म्हणून इथे त्यांचं नाव घरच्या माणसासारखं घेतात.

बिस्मिलांनी फाशीच्या कोठडीत आत्मचरित्र लिहिलं. शेवटची पानं 16 डिसेंबरची आहेत. सोमवारी सकाळी साडेसहाला हे शरीर फासावर जाणार, हे त्यात तिथीसकट नोंदवलंय, पौष कृष्ण एकादशी. उत्तरेकडचा पौष कृष्ण पक्ष म्हणजे आपला मार्गशीर्ष वद्य. म्हणजे आपल्या पंचांगाने मार्गशीर्षातली एकादशी! हे वाचलं आणि पुस्तक मिटवून थोडा वेळ नुसतीच बसले.

आपण उत्सव करतो तो फासावर हसत जाण्याचा. मला मात्र त्या पुस्तकातल्या एका भिंतीबद्दल सांगायचं आहे.

आधी थोडी माहिती, लहान मुलंही वाचतात म्हणून. 9 ऑगस्ट 1925 ला लखनौजवळ काकोरी इथे क्रांतिकारकांनी रेल्वेगाडी थांबवून सरकारी खजिना लुटला. त्या गडबडीत गोळी लागून एक निरपराध प्रवासीही गेला, तेही विसरायचं नाही. 26 सप्टेंबरला बिस्मिलांना पकडलं. खटला चालला, 6 एप्रिल 1927 ला फाशीची शिक्षा झाली. राजेंद्रनाथ लाहिरी यांना गोंड्याला दोन दिवस आधी, 17 तारखेलाच फाशी दिली. अशफाकउल्ला खाँ फैजाबादला आणि ठाकूर रोशनसिंह अलाहाबादला, बिस्मिलांच्याच दिवशी गेले.

आता भिंत.

अटक झाली त्या दिवशी कोतवालीत पहाऱ्यावरचा शिपाई झोपला होता. जागे होते ते एकटे मुंशी. निघून जाणं सहज शक्य होतं. बिस्मिलांनी त्या मुंशींनाच विचारलं, पुढचं संकट सोसायची तुमची तयारी असेल तर मी जातो. मुंशी पाया पडले. माझी बायका-मुलं उपाशी मरतील म्हणाले. बिस्मिल राहिले.

पुढे कोठडीत असताना त्यांना शौचाला नेलं. एक शिपाई म्हणाला, दोरी बांध. दुसरा म्हणाला, नको, हे पळणार नाहीत, माझा विश्वास आहे. जागा अगदी निर्जन. समोर कुठे तरी कुस्ती चालली होती, शिपाई ती बघण्यात रंगून गेला. हात वर केला की भिंत, आणि क्षणात बाहेर. तेवढ्यात आतून कोणी तरी विचारलं: ज्याने विश्वासाने तुला मोकळं सोडलं, त्यालाच तुरुंगात घालून पळणार का? त्याची मुलंबाळं काय म्हणतील?

बिस्मिल परत कोठडीत आले.

पुढे लखनौच्या तुरुंगातही तसंच झालं. तिथले जेलर पंडित चंपालाल मायेने वागत. त्यांच्या विश्वासाला तडा देऊन निसटायचं नाही, असं बिस्मिलांनी ठरवलं.

दोरी बांधली असती तर ते पळाले असते का, कोण जाणे. बांधली नाही, म्हणूनच ते बांधले गेले. 🙏

आता कोणी म्हणेल, ते काय, महात्मेच होते. नाही हो! तेच पुस्तक वाचा. लहानपणी वडिलांच्या पेटीतले पैसे चोरायचे. कादंबऱ्या आणायच्या, सिगरेटी ओढायच्या, भांगही प्यायची. स्वतःच लिहिलंय, काही झाकलेलं नाही. मग शेजारच्या देवळातल्या पुजाऱ्यांची संगत लागली, संध्या शिकले, पुढे स्वामी सोमदेव गुरू म्हणून लाभले, आणि माणूस बदलला. इतका, की एकदा वकिलाने वडिलांच्या नावाची सही वकालतनाम्यावर करायला सांगितली, तर हे धर्माविरुद्ध आहे म्हणून करायला नकार दिला. दावा फेटाळला गेला तरी चालेल म्हणाले.

पैसे चोरणारा हात, सही न करणारा हात आणि भिंतीवरून मागे आलेला हात. हात तोच. मधल्या काळात सत्संग झाला.

आणि आई! आई मूलमती. अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, तेव्हा अक्षरओळख नव्हती. घरकाम उरकून शेजारणींकडून अक्षरं शिकल्या. मुलाला त्यांचा एकच मोठा आदेश होता, शत्रूचाही जीव घ्यायचा नाही. तो पाळण्यासाठी बिस्मिलांना आपली प्रतिज्ञाही मोडावी लागली होती. भिंतीपाशी जो आवाज आला, तो मला वाटतं स्वयंपाकघरातून आला असावा. आपण आया मुलांना जेवायला वाढता वाढता जे बोलतो ते कुठे जाऊन उगवेल, सांगता येत नाही.

इथवर सगळं सोपं आहे. पुढचं सोपं नाही.

फाशीची शिक्षा झाल्यावर बिस्मिलांना सुटायचं होतं. बाहेर साथीदार त्यांना सोडवायचे बेत करत होते, आत त्यांचेही प्रयत्न चालले होते. बेत तडीस गेले नाहीत. बिस्मिलांनी मनातलं दुःख लपवलं नाही. ज्या देशात एवढा मोठा दल उभा केला, तिथून जीव वाचवायला एक रिव्हॉल्व्हर मिळालं नाही, एक तरुण आला नाही, असं ते लिहितात. आणि त्याला लागूनच लिहितात की फासाचं दुःख नाही, परमेश्वराला हेच मंजूर होतं.

फाशीच्या आदल्या दिवशी आई भेटायला आल्या. सोबत शिव वर्मा हे क्रांतिकारक नातेवाईक बनून आत आले. साथीदार आत पोचला, पण सोडवायला नाही, शेवटचं बघायला. बिस्मिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई म्हणाल्या, रडायचंच होतं तर या वाटेला आलास कशाला? ते म्हणाले, हे मरणाचं भय नाही, तुझी माया आहे.

मी बरेच दिवस अडले ते इथे. आधी दार उघडं होतं तेव्हा गेले नाहीत, मग जायचं होतं तेव्हा दार उघडलं नाही. मग त्या शिपायाचा विश्वास राखून काय मिळालं? त्यांना पुढे पश्चात्ताप झाला असेल का?

गुरुमाउली नेहमी सांगतात ना, की धर्माचं फळ धर्मच असतो, त्याच्यावर व्याज मिळत नाही. ते मला आत्ता थोडं कळलं. जगावंसं वाटणं पाप नाही. कैदेतून सुटणंही पाप नाही, महाराजांच्या आग्र्याहून सुटकेची गोष्ट ऐकतच आपण मोठे झालो. प्रश्न एवढाच, की बाहेर पडताना पाय कोणाच्या पाठीवर ठेवायचा. सरकारशी त्यांचं वैर होतं, त्या शिपायाशी नव्हतं.

महाशिवरात्रीच्या कहाणीतली हरिणी आठवते? पाडसांना भेटून येते असं व्याधाला सांगून गेली. जंगलात पोचल्यावर तिला कोण धरणार होतं? तरी आली. व्याध पालटला ते तिच्या येण्याने. गोरखपूरला कोणी पालटलं नाही, फास ठरल्या वेळी पडला. म्हणून मला हरिणीपेक्षा बिस्मिलांचं येणं जड वाटतं. शेवटी देव विमान पाठवतील असं काही ठरलेलं नसताना ते परत आले होते.

आता माझं सांगते. नणंदेला विचारूनच लिहिते आहे.

सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. शेवटच्या आजारात एका दुपारी मला म्हणाल्या, "माझ्या पाटल्या धाकटीला दे हं. मोडू नका." घरात तिसरं कोणी नव्हतं. पाटल्या माझ्याच कपाटात होत्या. नणंद बडोद्याला. दिवस झाले, वर्षश्राद्ध झालं, मी काही बोलले नाही. मन फार हुशार असतं बघा! म्हणायचं, अंथरुणातली सेवा तू केलीस, ती वर्षातून दोनदा यायची. म्हणायचं, शेवटी शेवटी त्यांना काही आठवत नव्हतं, त्या बोलण्याला काय धरायचं? म्हणायचं, सोन्याचे भाव बघ, मुलाचं लग्न तोंडावर आहे. मी कोणाला फसवलं नव्हतं, नुसती गप्प होते. रोजची पूजा, जप, गुरुवारचा उपास, सगळं चालू होतं.

तीन वर्षं अशी गेली. मग मुलाने हे पुस्तक आणलं, आणि मी त्या भिंतीच्या पानाशी आले. माझा हात भिंतीवरच होता. मला तर उडीही मारायची नव्हती.

मागच्या दिवाळीत बडोद्याला गेले, पाटल्या तिच्या हातात ठेवल्या, सांगितलं, आईंनी तुला द्यायला सांगितल्या होत्या. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, आईनं मला फोनवर सांगितलं होतं. मी वाट बघत होते."

"मग विचारलं का नाहीस गं?"

"विचारलं असतं तर तुम्ही लगेच दिल्या असत्या. पण मग त्या मागून घेतल्यासारखं झालं असतं."

तीन वर्षं तिने मला दोरी बांधली नव्हती, आणि मला ते ठाऊकही नव्हतं. तिने पुढे एक शब्द काढला नाही. पण मी तीन वर्षं उशिरा आले ते आले. पाटल्या परत करता आल्या, ती वर्षं करता येत नाहीत. हे इथे लिहिते आहे ते एवढ्यासाठीच, की कोणाचा हात आत्ता भिंतीवर असेल तर त्याने माझ्याइतका उशीर करू नये.

या आठवड्यात रात्री जपाला बसण्याआधी एक गोष्ट करूया. दोन मिनिटं डोळे मिटून आठवायचं, आज कोण माझ्यावर विसंबून निर्धास्त आहे? भिशीचे पैसे माझ्याकडे ठेवणाऱ्या मैत्रिणी. हिशेब न विचारणारी कामवाली. मोबाइलचा पिन मुलाला सांगून मोकळे झालेले वडील. हिश्शाच्या कागदावर न वाचता सही करणारी बहीण. त्यांच्यापैकी कोणाचं काही आपल्याकडे राहिलं असेल तर उद्याच्या उद्या परत करायचं. चांगलं फळ मिळेल म्हणून नाही. मिळेलच असं नाही.

सद्गुरूंनी आपल्याला अनुग्रह दिला तेव्हा कोणाकडून हमी लिहून घेतली नाही. नाम हातात ठेवलं आणि मोकळं सोडलं. आपणही दोरी न बांधलेलेच आहोत. 🙏

॥ श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥

— आपली एक साधक भगिनी, लष्कर, ग्वाल्हेर