तीन वर्षांत म्हातारपण बरं होत नाही

कंपनी कायदा, २०१३. त्यातलं कलम १३५ सांगतं की कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी असला, यातलं काहीही एक आणि त्याच्या पुढे, तर तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. समाजकार्य म्हणजे काय, तर सातव्या अनुसूचीत यादी आहे. त्या यादीत म्हातारी माणसं तिसऱ्या क्रमांकाच्या नोंदीत येतात, स्त्रिया आणि अनाथ मुलांच्या मागोमाग. वृद्धाश्रम, डे-केअर सेंटर आणि ज्येष्ठांसाठी अशाच इतर सोयी 'उभारणे', अशी ती नोंद.

मला त्या 'उभारणे' या क्रियापदाजवळ थोडं थांबावंसं वाटतं. चालवायला मनाई आहे असं नाही. पण कायदा लिहिणाऱ्याच्या मनात पहिलं चित्र आलं ते इमारतीचं, कोनशिलेचं. आणि देणाऱ्याच्या मनातही तेच येतं. फीत उभारलेल्या गोष्टीलाच कापता येते. अकराव्या वर्षीही सकाळी नऊला दार उघडलं, झाडून घेतलं, चहा ठेवला, याला फीत कुठे बांधणार?

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. नवीन फीचर लाँच झालं की केक कापतात. तेच फीचर पाच वर्षं रात्री-अपरात्री उठून चालू ठेवणाऱ्याला कुणी केक देत नाही, आणि अप्रेझलमध्ये 'यंदा नवीन काय केलंस' हा प्रश्न मात्र त्यालाच विचारतात. म्हातारपण ही नव्व्याण्णव टक्के मेंटेनन्सची गोष्ट आहे. आणि देणगीची आजची सगळी भाषा लाँचची आहे.

नियम बघा. सीएसआरमध्ये एकापेक्षा जास्त वर्षं चालणारा प्रकल्प जास्तीत जास्त तीन वर्षांचा, सुरू झालेलं वर्ष वेगळं. ज्या संस्थेमार्फत काम करायचं तिच्याकडे करसवलतीच्या नोंदण्या हव्यात, बहुतेक वेळा तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, २०२१ पासून सरकारदरबारी सीएसआर-१ हा फॉर्म भरलेला हवा. यातली एकेक अट घेतली तर शहाणपणाची आहे. उद्या कुणीही उठून ट्रस्ट काढावा आणि पैसे न्यावेत, असं कोण म्हणेल? पण या अटी एकावर एक रचल्या की गल्लीतला ज्येष्ठ नागरिक संघ बाहेर राहतो. गणेश मंडळाच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा जमणारे चाळीस लोक, एक रक्तदाब मोजायचं यंत्र, वर्गणीची वही. त्यांना फॉर्म भरता येत नाही असं नाही. त्यांच्यातले निम्मे लोक आयुष्यभर सरकारी कचेरीत फॉर्मच तपासत होते. त्यांच्याकडे नाही ते 'तीन वर्षांनंतरचं अपेक्षित फलित' या रकान्याचं उत्तर.

काय लिहायचं तिथे? शाळेच्या प्रकल्पाला लिहिता येतं: इतकी मुलं दहावी होतील. म्हातारपणात तीन वर्षांनी सरासरीनं प्रकृती खालावते. काही जण जातात. ज्याची घसरण जरा हळू झाली त्याचा फोटो कसा काढणार?

फोटो निघतो अशी एक गोष्ट म्हातारपणात आहे: मोतीबिंदू. वीस मिनिटांचं काम, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते, माणसाला दिसायला लागतं, आकडा एकाने वाढतो. १९७६ मध्ये डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, मदुराईत अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. एका म्हाताऱ्या होऊ लागलेल्या डॉक्टरनं इतर म्हाताऱ्यांसाठी केलेलं हे काम पुढे जगभर अभ्यासलं गेलं. सेवा फाउंडेशनसारख्या संस्था त्याच्याबरोबर उभ्या राहिल्या. यात नावं ठेवण्यासारखं काही नाही, माझ्या मते दानाच्या पैशाचा इतका चोख उपयोग क्वचित झाला असेल.

पण मोतीबिंदूच्या शेजारी विस्मरण ठेवून बघा. डिमेन्शियाची पट्टी कधीच निघत नाही. तिथे लागतो तो रोज येणारा, न चिडणारा, तोच प्रश्न सतराव्यांदा ऐकणारा माणूस. तो माणूस म्हणजे पगार. आणि पगार म्हणजे, देणाऱ्यांच्या शब्दकोशात, 'ओव्हरहेड'. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, तेव्हा संस्थेचा प्रशासकीय खर्च पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आला. शिवाय मोठ्या संस्थेनं आपल्याला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावरही बंदी आली. म्हणजे खेड्यातल्या ज्या छोट्या संस्था मोठ्यांच्या आडोशानं तगत होत्या, त्यांचा तो आडोसा गेला. सेवा देणाऱ्याचा पगार हा थेट कामाचा खर्च धरायचा की प्रशासनाचा, हे नियमात सोडवलेलं असतं. देणाऱ्याच्या मनात मात्र नसतं. व्हीलचेअर दिली तर 'दिलं' असं वाटतं. ती ढकलणाऱ्या ताईचा पगार दिला तर 'खर्च झाला' असं वाटतं.

आपल्याकडे म्हण आहे, धर्माची गाय अन् दात का गं नाय. फुकट मिळालेल्या गायीचे दात मोजणाऱ्याची ती थट्टा. आता काळ उलटा आलाय. गाय देणाराच घेणाऱ्याचे दात मोजतो, दर तिमाहीला, एक्सेलमध्ये.

इथपर्यंत फाउंडेशनवाल्यांना झोडपणं सोपं आहे. पण त्यांच्या बाजूनं एक खरा प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पैसा मोजकाच आहे. एक रुपया सहा वर्षांच्या मुलीवर खर्च केला तर त्याचं फळ साठ वर्षं मिळेल. तोच रुपया ब्याऐंशी वर्षांच्या माणसावर खर्च केला तर? अ‍ॅलन विल्यम्स या ब्रिटिश आरोग्य-अर्थशास्त्रज्ञानं १९९७ मध्ये 'फेअर इनिंग्ज'चा युक्तिवाद मांडला. प्रत्येकाला एक पुरेशी खेळी मिळायला हवी. ज्याची ती खेळून झाली, त्यानं पुढच्या षटकांसाठी तरुणांपेक्षा जास्त हक्क सांगू नये. तो तेव्हा स्वतः सत्तरीला आला होता, त्यामुळे हे काही तरुणानं दुसऱ्याच्या जिवावर केलेलं औदार्य नव्हतं. एकच व्हेंटिलेटर असेल आणि दोन रुग्ण असतील, तर मलाही या युक्तिवादाचं उत्तर सहज देता येत नाही.

पण बहुतेक म्हातारपण व्हेंटिलेटरवर नसतंच. ते दुसऱ्या मजल्यावर असतं, जिन्याला कठडा नसलेल्या इमारतीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्याची व्याख्या केली, तेव्हा 'आजार नसणं' ही अट त्यांनी घातली नाही. माणसाला जे करणं महत्त्वाचं वाटतं ते त्याला करता येणं, अशा अर्थाची ती व्याख्या आहे, आणि हे करता येणं अर्धं शरीरात असतं, अर्धं आजूबाजूला. गुडघा तोच, पण रस्त्यात मध्ये एक बाक असला तर मंडईपर्यंत जाता येतं. नसला तर घरात बसावं लागतं. बाकाची आणि शाळेची खरंच मारामारी आहे का? हिशोब वर्षांत करायचं ठरलं की आपण प्रत्येक वाढदिवसाला थोडे थोडे स्वस्त होत जातो, हे तरी त्या हिशोबानं मोकळेपणानं सांगावं.

मला वाटतं, म्हाताऱ्यांवर खर्च का करायचा याची आपण देत असलेली दोन्ही नेहमीची उत्तरं कच्ची आहेत. एक उत्तर भूतकाळाकडे बघतं: त्यांनी आपल्यासाठी केलं, आपण फेडायचं. मग ज्यानं काहीच केलं नाही, दारू पिऊन घर उधळलं, त्या म्हाताऱ्याचं काय? त्याला बाक नाही? दुसरं उत्तर भविष्याकडे बघतं: ज्येष्ठांचा अनुभव ही संपत्ती आहे, 'सिल्व्हर इकॉनॉमी' आहे, त्यांना कामाला लावा. म्हणजे इथेही शेवटी परतावाच. दोन्हींत तो माणूस आज, या मंगळवारी दुपारी तीन वाजता, काय करतोय याला किंमत नाही.

दुपारी दोन ते चार. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला याच वेळेची एक शाळा सुरू झाली. आजीबाईंची शाळा. विद्यार्थिनी तीसेक, वय साठ ते नव्वद. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना, आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टनं साहित्य दिलं: पाट्या, दप्तरं, गणवेश म्हणून गुलाबी साड्या. वाचता यावं, पोथी आपली आपल्याला लावता यावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी, एवढीच आज्यांची इच्छा होती. नातवंडं आजीचा अभ्यास घेऊ लागली.

या शाळेचं 'फलित' काढून बघा. नव्वदीच्या बाईला अक्षरओळख होऊन रोजगार मिळणार नाही. स्मरणशक्ती वाढली का, ब्लड प्रेशर उतरलं का, हे मोजता येईलही. पण तो आकडा चांगला नाही आला तर शाळा बंद करायची? ती बाई दुपारी नेसून, दप्तर घेऊन, मैत्रिणींबरोबर घराबाहेर पडते आणि लहानपणी नाकारलेली एक गोष्ट करते. यापुढे आणखी कशासाठी असं विचारलं की मला प्रश्नच चुकीचा वाटतो.

आणि त्या ट्रस्टनं काय केलं हेही बघण्यासारखं आहे. शाळा गावाची, शिक्षक तिथलेच, शिकवणारी गावातलीच सून. पैसा येऊन पाटी-दप्तराच्या जागी बसला, मालकाच्या खुर्चीत नाही. विनोबा दानाचा अर्थ समविभाजन असा लावत, उपकार असा नाही. भूदानात जमीन मागताना ते स्वतःला घरातला आणखी एक मुलगा म्हणवून हिस्सा मागत. हिस्सा मागणाऱ्याला तिमाही अहवाल द्यावा लागत नाही. (गांधींच्या विश्वस्त कल्पनेत तर हिशोब श्रीमंतानं द्यायचा आहे. तो रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.)

रॉब राइश हा अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ २०१८ च्या 'जस्ट गिव्हिंग' या पुस्तकात म्हणतो की फाउंडेशन ही मुळात लोकशाहीला न शोभणारी चीज आहे. कुणी निवडून न दिलेली सत्ता, तीही करसवलतीवर पोसलेली. तरी तिचं एक समर्थन त्याला सापडतं. बाजार आणि सरकार जे धाडस करणार नाहीत ते लांब पल्ल्याचे प्रयोग तिनं करावेत, आणि जमलं तर समाजानं ते उचलावेत. याचं आपल्याकडचं उदाहरण तयार आहे. टाटा ट्रस्ट्स आणि विजयवाहिनी फाउंडेशन यांनी २०१७ मध्ये हैदराबादेत ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन सुरू केली. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं तीच 'एल्डर लाइन' म्हणून देशभर नेली, नंबर १४५६७. पेन्शन अडली, मुलगा मारतो, कुणी हरवलेले आजोबा रस्त्यावर दिसले, फोन करा. पुस्तकातल्यासारखी गोष्ट.

पण हे समर्थन एका जागी अडतं. प्रयोग संपल्यावर उचलणारं कुणी असेल तरच ते चालतं. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला महिना २०० रुपये आहे, आणि तो २०० वर येऊन दीड दशकाहून जास्त काळ झाला. राज्यं आपली भर घालतात, महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत मिळून १,५०० होतात. सरकारचा हा हात बघितल्यावर 'आम्ही पायलट केला, आता व्यवस्था उचलेल' हे वाक्य मला फार गोड वाटतं.

केरळात हे उलट्या बाजूनं घडलं. कोझिकोडमध्ये १९९३ ला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू झाली आणि पुढे मलप्पुरमच्या गावागावांत शेजारपाजारच्यांचं जाळं तयार झालं. कॅन्सरच नाही, अंथरुणाला खिळलेले म्हातारेही त्यात आले. पैसा मुख्यतः तिथल्याच लोकांचा, छोट्या छोट्या रकमांचा. स्वयंसेवक शिकून घेतात, नर्सबरोबर घरी जातात, घरात तांदूळ नसेल तर त्याचीही सोय बघतात. २००८ मध्ये राज्य सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं आणि पंचायतींना यात ओढलं. म्हणजे व्यवस्थेनं उचललं, पण आधी खालून इतक्या हातांनी धरलं होतं की टाकून देणं सरकारला परवडलं नसतं.

मग फाउंडेशननं काय करावं? माझं मत साधं आहे आणि बोर्ड मीटिंगमध्ये टिकणार नाही. म्हाताऱ्यांच्या बाबतीत त्यांनी नवीन काही उभारू नये. जे चालू आहे त्याचं भाडं भरावं, नर्सचा पगार द्यावा, दहा वर्षांसाठी, आणि फलिताच्या रकान्यात 'चालू आहे' एवढं उत्तर मान्य करावं. चोरी होऊ नये म्हणून हिशोब जरूर मागावा, तो मोजण्यापेक्षा सोपा असतो. आणि वर्षातून एकदा जाऊन बसावं, कॅमेऱ्याशिवाय.

मलप्पुरमच्या नर्सची घरभेट बहुतेक वेळा कशासाठी असते? जखम बदलायची, लघवीची नळी बघायची, पाठीला बेडसोर होतायत का ते पाहायचं, आणि थोडं बोलायचं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.