खो देणारा

संघाचे ऐक्य कशात असते? सोबत्यांच्या परस्पर प्रीतीत, असे आम्ही खेळवेडे लोक चटकन सांगतो. परंतु परभणी जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या पटांगणात खोखो पाहावा, म्हणजे हे उत्तर अपुरे वाटू लागते.

जुन्या नियमाप्रमाणे पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडे करून बसतात, धावतो एकटाच. त्यास मागे फिरता येत नाही. गडी पलीकडे निसटला की तिकडे तोंड असलेल्या सोबत्यास मागून स्पर्श करून ‘खो’ म्हणावे, व त्याच्या जागी बसावे. जागा सोडणे नियमाने भागच आहे. मग त्यात सद्गुण तो कोणता? वाचकहो, खो केव्हा द्यावा, हे मात्र नियम सांगत नाही. ‘मीच धरीन’ ह्या हावेने दोन पावले अधिक गेली की गडी गेलाच! जिवलग मित्रही तेथे चुकतात, आणि अबोला धरलेले दोघे कधी कधी अचूक खो देतात. मी तर त्या वेळेवर बसण्यासच प्रीति म्हणतो, मग बोलणे असो वा नसो.

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीस पहिल्या विश्वचषकात प्रियंका इंगळे व प्रतीक वाईकर ह्यांच्या संघांनी नेपाळास जिंकले. टाळ्या पडल्या त्या गडी बाद करणाऱ्यास. त्याच्या आधी खो देऊन खाली बसलेल्याकडे कितीकांची दृष्टि गेली असेल?